चाराण्याचं चॉकलेट

शाळेतल्या झेंडावंदनानंतर मिळणारी गोळी उरलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांना वर्षातून दोनदा मिळते, १ मे धरला तर तीनदा. नांदेड-लातूरच्या लेकरांच्या वाट्याला एक गोळी जास्त येते, १७ सप्टेंबरची. १९४८ साली याच दिवशी निजामाचं हैदराबाद संस्थान शरण आलं आणि मराठवाडा मोकळा झाला. तेव्हाचा लढा, रझाकार, पोलीस ॲक्शन हे सगळं पाहुण्यांच्या भाषणात दरवर्षी येतं. पण उन्हात तासभर उभ्या असलेल्या तिसरी-चौथीच्या पोरांचं लक्ष गुरुजींच्या टेबलाखालच्या पुड्याकडे असतं. भाषण संपतं, रांग हलते आणि तळहातावर कागदात पिळलेली एक गोळी पडते. घरी गेल्यावर आजी विचारते, "काय दिलं रे?" उत्तर ठरलेलं असतं : "चॉकलेट."

त्या गोळीत कोको नावालाही नसतो. साखर, आंबटपणाला सायट्रिक ॲसिड, थोडा रंग आणि संत्र्याचा वास, एवढाच तिचा ऐवज. तरी ती चॉकलेटच. मराठीत, आणि मराठवाड्यात तर विशेषच, कागदात गुंडाळलेलं जे जे गोड ते ते चॉकलेट. लिमलेटची गोळी चॉकलेट, टॉफीही चॉकलेट, पेपरमिंटही चॉकलेट. मग खऱ्या चॉकलेटला काय म्हणायचं? त्याला 'कॅडबरी' म्हणायचं, मग ती वडी अमूलची का असेना. दुकानदाराकडे 'अमूलची कॅडबरी द्या' म्हणणारे लोक अजूनही भेटतात आणि त्यात काही चुकलं असं दोघांपैकी कोणालाच वाटत नाही.

ही भाषेची गंमत वाटते खरी, पण तिच्यामागे ऊन आहे.

नांदेड आणि लातूरला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. खरं चॉकलेट ज्या पदार्थामुळे घट्ट राहतं ते कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं तूप, साधारण ३४ अंशांना वितळतं. माणसाच्या शरीराचं तापमान ३७ अंश. या तीन अंशांच्या फरकावरच चॉकलेटची सगळी ऐट उभी आहे : हातात घट्ट, तोंडात गेल्याबरोबर पातळ. युरोपातल्या थंड खोलीत हा गुण असतो. नांदेडच्या वजिराबादेत, पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात वैशाखातल्या दुपारी तोच गुण दोष होतो. तिथे वडी तोंडात जायच्या आधी कागदातच विरघळते.

विरघळलेलं चॉकलेट रात्री गार झालं की पुन्हा घट्ट होतं, पण पहिल्यासारखं नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि कारखान्यात नेमकं तापवून, थंड करून, घोटून त्यातला पाचवा प्रकार साधलेला असतो. चकाकी त्याचीच आणि मोडताना येणारा 'कट्' आवाजही त्याचाच. दुकानातल्या उन्हात वितळून रात्री आपोआप गोठलेल्या वडीत भलतेच स्फटिक तयार होतात, तूप पृष्ठभागावर येतं आणि त्यावर पांढुरकी झाक चढते. खाऊन काही होत नाही, पण गिऱ्हाईक बुरशी समजून माल परत करतं. फ्रिज नसलेल्या दुकानदारानं कॅडबरी ठेवायचीच कशाला? तो काचेच्या बरणीत गोळ्या ठेवायचा. म्हणून लेकरांना चॉकलेट या नावाखाली जे मिळालं, त्या गोळ्याच होत्या.

कंपन्यांनाही हे कळत होतं. कॅडबरी भारतात आली १९४८ साली, म्हणजे मराठवाडा मुक्त झाला त्याच वर्षी. पुढे ठाण्याला आणि तळेगावजवळच्या इंदुरीला तिचे कारखाने उभे राहिले. साध्या वडीच्या मानानं खेड्यापाड्यांत लांबवर पोचला तो माल चिलखत घातलेला होता. १९६०च्या दशकाअखेर आलेल्या जेम्सवर साखरेचं रंगीत कवच होतं. ही युक्ती जुनीच. अमेरिकेत फॉरेस्ट मार्सनं १९४१ साली एम अँड एम्स काढल्या त्या याच हिशेबानं, आणि दुसऱ्या महायुद्धात त्या सैनिकांच्या शिध्यात गेल्या; खिशात वितळत नाहीत म्हणून. एक्लेअर्समध्ये चॉकलेट कॅरॅमलच्या पोटात लपवलेलं असतं. पार्लेनं १९८३ मध्ये आणलेल्या मेलडीचंही तेच : बाहेर कॅरॅमल, आत चॉकलेटचा थेंब. ती इतकी चॉकलेटी का, असा प्रश्न जाहिरात विचारत राहिली आणि सरळ उत्तर कधी दिलं नाही. उन्हाळ्यात टिकायला दुसरा इलाज नव्हता, हेही एक उत्तर होऊ शकलं असतं.

आता बरणीतल्या साध्या गोळीचं शास्त्र पाहू, कारण दिसते तितकी ती साधी नाही.

साखरेचा पाक गुळासारखा कढवत ठेवला तर पाणी उडून जातं आणि थंड होताना साखरेचे पुन्हा खडे बनतात. होळीच्या आणि पाडव्याच्या सुमाराला नांदेडच्या, लातूरच्या बाजारात साखरेच्या गाठींचे हार टांगलेले दिसतात ते याच तत्त्वावर. गरम पाक साच्यात दोऱ्यावर ओतला, तो गार झाला की असंख्य बारीक स्फटिक एकमेकांना धरून बसतात. प्रकाश त्यांच्यातून आरपार जात नाही, म्हणून गाठी पांढरी, अपारदर्शक आणि दातांखाली भुसभुशीत. बत्तासाही तिच्याच कुळातला.

गोळीवाल्याला नेमकं हेच टाळायचं असतं. तो साखरेत ग्लुकोजचा घट्ट पाक घालतो. ग्लुकोजमुळे साखरेच्या कणांना रांगेत बसून स्फटिक करता येत नाही. मग पाक १४५ ते १५० अंशांपर्यंत चढवायचा, पाणी दोन-तीन टक्क्यांवर आणायचं आणि झटकन थंड करायचं. जे हाती येतं ते शास्त्राच्या भाषेत काच असतं. खिडकीच्या काचेसारखीच कणांची विस्कळीत, गोठलेली गर्दी. म्हणून लिमलेटची गोळी उन्हाकडे धरली की आरपार दिसते आणि चावली की काचेसारखी तडकते. ऊन तिचं फारसं बिघडवत नाही. तिचा शत्रू दमटपणा. हवेतलं पाणी ओढून ती चिकट होते, कागद सोडत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात गोळीबरोबर कागदही चघळावा लागतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत मात्र झाकण नीट लावलेल्या बरणीतली गोळी महिनोन्महिने खणखणीत राहते. इथल्या हवेनं चॉकलेटला हाकललं आणि गोळीला आसरा दिला, असं म्हणायला हरकत नाही.

अशा गोळ्यांच्या धंद्यात महाराष्ट्राचं स्वतःचं मोठं नाव होतं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळच्या रावळगावला १९३३ साली साखर कारखाना काढला. जहाजं, विमानं, मोटारी यांच्या मागे लागलेल्या या माणसाच्या नावाची आठवण सामान्य घरांत राहिली ती त्या कारखान्यातून १९४२ पासून निघू लागलेल्या गोळ्यांमुळे. रावळगाव हे गावाचं नाव आहे हेच अनेकांना मोठेपणी कळलं. तोवर रावळगाव म्हणजे गोळी. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी ही तिची भावंडं. विड्याच्या वासाची पान पसंद विशेष गाजली. तिच्या दूरदर्शनवरच्या जाहिरातीत कडू बोलणारं माणूस गोळी तोंडात गेल्यावर तेच वाक्य गोड करून म्हणायचं. पुण्याची साठे बिस्किट अँड चॉकलेट कंपनी ही याच पिढीची. आज सत्तरीत असलेल्या मंडळींसमोर 'साठे' म्हटलं की आधी आठवतात त्यांची बिस्किटं आणि चॉकलेटं. साठे आता बाजारात नाहीत.

हा माल लातुरात यायचा गंजगोलाईत. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते; आसपासच्या तालुक्यांतले किराणा दुकानदार इथूनच भरून न्यायचे. कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत यायची, त्यामुळे या बाजाराचं तोंड सोलापूर-पुण्याकडे. नांदेडचा रूळ मनमाड आणि सिकंदराबादला जोडणारा, त्यामुळे नांदेडच्या जुन्या मोंढ्याला हैदराबाद जवळचं. दक्षिणेतल्या गोळ्या, म्हणजे चित्तूरच्या न्यूट्रिनचा महालॅक्टो किंवा मद्रासच्या पॅरीची कॉफी बाइट, त्या बाजूनं येणार हे ओघानं आलंच. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, उंट, गाढवं विकली जात आणि त्यांच्या पलीकडे पालांच्या रांगेत रेवड्या, गोडीशेव, बत्तासे आणि कागदी चॉकलेटं शेजारी शेजारी मांडलेली असत.

मग या गोळ्या गेल्या कुठे?

चव बिघडली, कारखाना जळाला, मालक भांडले अशी कारणं लोक सांगतात. पण बहुतेक गोळ्यांना मारलं ते नाण्यानं. मराठवाड्याला नाणं बुडताना पाहायची सवय जुनी आहे. निजामाच्या काळात इथं हाली सिक्का चालायचा आणि ब्रिटिश हद्दीतला रुपया होता कलदार. कलदारचे सहा म्हणजे हालीचे सात. संस्थान गेलं तसा हालीही गेला. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले. तरी बोलण्यातून आणे हलले नाहीत. पंचवीस पैशांना चाराणे आणि पन्नास पैशांना आठाणे हे १९९० मध्येही, गेंड्याचं चित्र असलेलं स्टीलचं नाणं हातात आल्यावरही, तसंच राहिलं.

गोळीची किंमत ही इतर मालाच्या किमतीसारखी नसते. तेल किलोमागे दोन रुपयांनी वाढवता येतं. गोळीची किंमत एका नाण्यावरून उडी मारून दुसऱ्या नाण्यावरच जाऊ शकते, कारण पोराच्या मुठीत एकच नाणं असतं. चाराण्याची गोळी तीस पैशांना विकता येत नाही. मग साखर महाग झाली, कागद महाग झाला, मजुरी वाढली तरी कारखानदार चाराण्यालाच चिकटून बसतो. तो गोळी बारीक करतो, कागद पातळ करतो, वास स्वस्तातला वापरतो. आणि एके दिवशी नाणंच जातं. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी कायद्यानं बंद झाली. आठाणे आजही कायद्यानं चालतं, पण ते देऊन पाहावं. भाजीवाली हसून परत करते.

चाराण्याची गोळी एकदम आठाण्याची झाली, मग रुपयाची. ज्यांना चौपट किमतीला शोभेल असा माल देता आला ते टिकले. उरलेल्यांनी वेष्टनावरचं नाव मिटवलं. रावळगावच्या कंपनीनं आपला गोळ्यांचा धंदा विकताना शेअर बाजाराला दिलेल्या कारणांत हेच येतं : संघटित आणि असंघटित स्पर्धकांची गर्दी, घसरणारा बाजारहिस्सा आणि कच्चा माल, वीज, मजुरी भराभर वाढत असताना फार उशिरा वाढणारी किंमत. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावची नावं आणि पाककृती रिलायन्सच्या ग्राहकवस्तू कंपनीनं २७ कोटी रुपयांना घेतल्या. जमीन, इमारती आणि यंत्रं जुन्या मालकांकडेच राहिली. ब्याऐंशी वर्षांच्या धंद्यातून विकत घेण्याजोग्या ठरल्या त्या दोनच गोष्टी, नाव आणि कृती.

बंद पडलेली गोळी परत मागवणारी माणसंही असतात. पार्लेची रोला-कोला हे त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. ही कोलाच्या चवीची कडक गोळी, एकावर एक रचून कागदात गुंडाळलेली. ती का आवडली हे समजायला तेव्हाचा भारत आठवायला हवा. १९७७ साली परकीय भांडवलाच्या कायद्यावरून कोका-कोला देश सोडून गेली आणि १९९३ पर्यंत परतली नाही. त्या काळात थम्सअप आणि कॅम्पा होत्या, पण थंडगार बाटली ही लहान गावात लग्नाकार्यातली चैन. बाटलीची किंमत आणि बर्फाची लादी यांची गरज नसलेला कोला म्हणजे ही गोळी. ती चघळताना मुलं चित्रपटातल्या नायकासारखं थंड पेय पीत असत, वर्गात, बाईंचं लक्ष नसताना.

२००६ मध्ये पार्लेनं रोला-कोला बंद केली. तेरा वर्षांनी, २०१९ च्या फेब्रुवारीत, एका ग्राहकानं समाजमाध्यमावर सहज विचारलं की ती परत आणायला काय करावं लागेल. कंपनीनं गमतीत उत्तर दिलं : दहा हजार लोकांनी हा निरोप पुढे पाठवला तर बघू. लोकांनी ते मनावर घेतलं, आकडा पार झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोळी बाजारात परतली. एरवी गिऱ्हाइकाची गरज काय हे शोधायला कंपन्या पाहण्या करतात, पैसे मोजतात. इथे गिऱ्हाईक स्वतःहून हिशेब घेऊन दारात उभं राहिलं होतं.

ज्यांनी ती पुन्हा चाखली त्यांच्यातले अनेक म्हणाले, तीच आहे. तितकेच म्हणाले, ती नाही. दोघांचंही खरं असू शकतं. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. वासाची वर्दी मेंदूत ज्या वाटेनं जाते ती भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांना लागून जाते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला इतकी जवळची वाट मिळत नाही. त्यामुळे कोलाचा वास नाकात शिरला की वर्ग, बाक, डस्टर सगळं परत येतं. पण जीभ बदललेली असते. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. आठव्या वर्षी जी गोळी नेमकी गोड होती ती चाळिशीत गोडमिट्ट लागते. आठवण बरोबर असते आणि गोळीही बरोबर असते, खाणारा मात्र दुसराच झालेला असतो.

जुन्याच्या या ओढीला युरोपात नाव मिळालं ते आजाराचं. योहानेस होफर या तरुण स्विस वैद्यानं १६८८ साली घरापासून दूर असलेल्यांच्या झुरण्यासाठी ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द तयार केला. तेव्हा ती व्याधी होती, घरी परतणं हा तिचा उपाय. आज तो धंद्याचा कच्चा माल आहे. ज्या रिलायन्स समूहाकडे रावळगाव गेलं त्यानंच २०२२ मध्ये कॅम्पा घेतला आणि पुढच्या वर्षी तो परत बाजारात आणला. नवी चव लोकांच्या गळी उतरवायला जाहिरातींवर जो खर्च करावा लागतो, तो जुन्या नावासाठी कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवलेला असतो. जुनं नाव न घेताही हे साधतं. २०१५ साली आलेल्या पल्स गोळीत कैरीची आंबट काच होती आणि पोटात तिखटमीठ. शाळेच्या फाटकाबाहेर टोपलीत मिळणारी तिखटमीठ लावलेली कैरीच ती, कागदात बांधलेली. रुपयाच्या त्या गोळीनं पहिल्या आठ-नऊ महिन्यांतच शंभर कोटींची विक्री ओलांडली.

लातूरमध्ये आता शिकवणी वर्गांच्या रस्त्यावर प्रत्येक टपरीत कंपनीनं दिलेला जांभळा फ्रिज दिसतो. बाहेरगावाहून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं पाच आणि दहा रुपयांच्या खऱ्या चॉकलेटच्या वड्या घेतात. ऐन मेमध्येही त्या घट्ट असतात, वीज असेपर्यंत. बरणी मागे सरकली आहे. सुट्टे पैसे नाहीत म्हणून दुकानदारानं हातावर ठेवलेली गोळीही कमी झाली, कारण मोबाइलवरून पैसे देताना सुट्ट्याचा प्रश्नच उरत नाही. पैसे थेट सव्वीस रुपये पन्नास पैसे असे जातात. आठाणे हातातून गेले, पण पडद्यावर जिवंत आहेत.

२०२५ साली १७ सप्टेंबरचं झेंडावंदन झालं आणि पाचच दिवसांनी, २२ तारखेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. गोळ्या-चॉकलेटांवरचा कर उतरला. त्यामुळे रुपयाच्या गोळीची नवी किंमत ८८ पैसे अशी निघू लागली. ८८ पैसे द्यायचे तर देशात त्याची नाणीच नाहीत. उरलेले बारा पैसे परत कसे करायचे, हा हिशेब कोणत्याही किराणा दुकानात सुटेना. जुनी पद्धत असती तर दुकानदारानं त्या बदल्यात एक गोळी दिली असती.

फाल्गुनात मात्र गोलाईत आणि वजिराबादेत दोऱ्यांवर ओवलेल्या पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गाठी पुन्हा टांगल्या जातात. त्यांच्यावर कंपनीचं नाव नसतं आणि छापील किंमतही नसते, त्या वजनावर विकल्या जातात. होळीच्या दिवशी आजी नातवाच्या गळ्यात हार घालते. नातू एक गाठी तोडून तोंडात टाकतो आणि विचारतो, यात कॅडबरीवाली मिळत नाही का?